बंद करू नये

"चरबी?" वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि खुर्चीत ताठ झाल्या. "माझ्या अंगावर कुठं दिसली तुम्हाला चरबी, ते तरी दाखवा."

डॉक्टर उपळेकर एरवी वहिनींच्या बोलण्यावर हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांच्या समोर दोन कागद होते, एक मागच्या तपासणीचा आणि एक आजचा, आणि त्या आळीपाळीनं दोन्हींकडे बघत होत्या.

"अंगावरची नव्हे हो काकू. रक्तातली."

"मग तसं म्हणा. आमच्या आळीत एखाद्याला चरबी आली म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. मला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही."

मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो होतो. हातात पुस्तक होतं आणि वाचलेल्या पानात बोट. दवाखान्यात मी नेहमी असाच बसत असे, म्हणजे आपल्याला कुणी काही विचारत नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, नानांची. नानांचं कऱ्हाडात शिवणकामाचं दुकान होतं. मी तिथल्याच एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. लग्न केलं नाही, की झालं नाही, ते माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. राहिलो कायम नानांच्या घरी. नाना हृदयविकारानं गेले, त्यालाही तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती. मागं आम्ही दोघं, वहिनी आणि मी. त्या सत्तरीच्या जवळ, मी साठी ओलांडलेला. नानांना होता तो मधुमेह पुढं वहिनींनाही झाला, आणि दर तपासणीला मी त्यांच्याबरोबर जात असे. बरोबर जाणं एवढंच. बोलायचं काम त्यांचं.

"साखर कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

"साखर उत्तम. तुमच्यासारखी साखर सांभाळणारा पेशंट माझ्याकडे दुसरा नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही ना काकू. मागंच सांगितलं होतं मी. मधुमेह असला की रक्तातली थोडी चरबीसुद्धा महागात पडते. हृदयाच्या नळ्यांना आतून चिकटत जाते. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं साचत राहते. साखर कितीही चांगली असू दे, माणूस जातो तो बहुतेक वेळा हृदयानंच. म्हणून तर ती गोळी दिली. गेल्या खेपेला आकडा किती छान उतरला होता! आता पुन्हा होता तिथं." त्यांनी चष्मा काढला. "गोळी घेताय ना?"

वहिनी खिडकीकडे बघत होत्या. खिडकीबाहेर भिंतीशिवाय काही नव्हतं.

"बंद केली," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"मागं इथून गेले तेव्हापासून."

"अहो, पण का?"

"तुमच्याच माणसानं सांगितलं म्हणून. ती बाहेर बसते ती. म्हणाली, पुढच्या तपासणीला उपाशीपोटी ये, गोळी बंद करून ये. आम्ही अडाणी माणसं. दवाखान्यात सांगतील तसं करायचं."

डॉक्टरांनी टेबलावरची घंटी दाबली, आणि बोट बराच वेळ तसंच ठेवलं.

शबाना आत आली. विशीबाविशीची, सडपातळ, पिनांनी ओढणी घट्ट बसवलेली मुलगी. नावं पुकारणं, वजन घेणं, पुढची तारीख सांगणं हे तिचं काम. तिला आत बोलावलं की ती आधी दाराशी थबके, मग येई.

"काकूंना तू गोळी बंद करायला सांगितलंस?"

"मी? नाही मॅडम!"

"मग त्या काय खोटं सांगतायत?"

शबानानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी भिंतीकडे.

"मॅडम, मी रोज सगळ्यांना एकच सांगते. बंद करू नये असंच सांगितलं. आईशप्पत."

"गेल्या महिन्यात त्या ओगलेवाडीच्या आजोबांचीही तक्रार होती. तेव्हाही तू हेच म्हणालीस. मला अशानं चालणार नाही, शबाना. हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे."

मुलीचा चेहरा उतरला. खालचा ओठ तिनं दातात धरला. कुणाला रागावलेलं मला ऐकवत नाही, मग तो अपराधी का असेना. आणि त्याच वेळी, मी काही ठरवलेलं नसताना, ती दोन वाक्यं माझ्या डोळ्यांपुढे एकाखाली एक उभी राहिली, प्रुफात दिसतात तशी.

"मला वाटतं..." मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही.

"डॉक्टर, मला वाटतं, म्हणजे मी चुकतही असेन, पण दोघीही खरं बोलतायत."

तिघीही माझ्याकडे वळल्या. मी उठलो, पुस्तक खाली पडलं, ते उचललं, आणि डॉक्टरांकडून कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं : बंद करू नये. त्याच्याखाली : बंद करून ये.

"अक्षरं तीच आहेत. फक्त मधली जागा एका अक्षरानं सरकलीय. बोलताना तर जागा नसतेच. एक जण नको म्हणून सांगतो, ऐकणारा कर म्हणून ऐकतो." मला घाम आला होता, पण आता थांबवेना. "आमच्या छापखान्यात एकदा एका बागेची पाटी आली होती. गवतावर बसू नये. खिळे जुळवणारा नवा होता. त्यानं लावलं, गवतावर बसून ये."

डॉक्टरांनी दोनदा ओठ हलवून ती वाक्यं म्हणून बघितली, आणि त्यांना हसू फुटलं. "करू नये, करून ये. अरे देवा! काका, मी किती वर्षं हे सांगतेय लोकांना."

"'करू नका' म्हटलं तर चुकायला जागा राहत नाही," मी म्हणालो.

"शबाना, ऐकलंस? आजपासून 'करू नका'. आणि जरा सुटं सुटं बोलत जा. जा आता."

"हो मॅडम," शबाना म्हणाली. ती गेली, पण हसली नाही.

डॉक्टर वहिनींकडे वळल्या. "आणि काकू, गोळी आजपासून पुन्हा सुरू. रिपोर्ट चांगला आला तरी सुरूच. तो चांगला येतो तो गोळीमुळं. भर पावसात, आपण भिजत नाही म्हणून छत्री मिटतं का कुणी? पाय दुखले, अंग मोडून आलं, तर येऊन सांगा. मनानं बंद करू," इथं त्या थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या, "नका."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मी खुशीत होतो. हे सांगताना संकोच वाटतो, पण होतो. जन्मभर ऱ्हस्वदीर्घ सुधारले, त्याबद्दल मालकांनी फार तर मान हलवली होती. चारचौघांत उभं राहून आपण काही बोललो आणि त्यानं कुणाचं तरी भलं झालं, हे त्या वयात पहिल्यांदाच घडत होतं.

आम्ही पायऱ्या उतरत होतो तोच मागून चपला वाजल्या. "काकू, पिशवी राहिली तुमची!" शबाना धावत आली होती. तिनं पिशवी वहिनींच्या हातात दिली. "सावकाश उतरा हं, पायरी ओली आहे. या पुन्हा. काका, तुम्हीपण या." वर येणाऱ्या एका बाईच्या कडेवर पोर होतं, रडून नाक लाल झालेलं. शबानानं त्याच्यापुढं हात पसरले. "या साहेब, या. आज सुई नाही तुम्हाला."

वहिनींनी पिशवी घेतली. आभार मानले नाहीत की तिच्याकडे बघितलंही नाही. मला ते खटकलं. शेजारच्यांनी वाटीभर ताक दिलं तरी वाटी रिकामी परत न पाठवणारी ही बाई. रिक्षात मी गवतावरच्या पाटीची गोष्ट पुन्हा थोडी वाढवून सांगितली. त्या "हं" म्हणाल्या.

घरी आल्यावर जेवणं झाली. वहिनींनी त्यांची साखरेची गोळी घेतली. डॉक्टरांनी दिलेलं नवं पाकीट त्यांनी पिशवीतून काढलं, क्षणभर हातात धरलं, आणि नानांच्या शिलाई मशीनच्या खणात टाकलं. त्या खणात बॉबिनी, खडू आणि तुटकी बटणं असत. औषधांची जागा ती नव्हती. औषधं फळीवर, डब्यात असत.

"रात्री घ्यायची असेल," असं मी मनात म्हटलं आणि माझ्या खोलीत गेलो.

निवृत्त झालो तरी एका मासिकाची प्रुफं माझ्याकडे येत असत. ती घेऊन बसलो. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर कुठल्याशा कथेत एक पोरगी दारात उभी राहून म्हणत होती, "या ना काका, आत या." मी पुढं गेलो, परत मागं आलो. चूक दिसत नव्हती, आणि चूक आहे असं तर वाटत होतं. प्रुफं तपासणाऱ्याला हे कळतं. डोळ्याला सापडायच्या आधी चूक अंगाला लागते.

या.

शबाना मला या म्हणाली. वहिनींना या म्हणाली. कडेवरच्या शेंबड्या पोरालाही या म्हणाली. ही मुलगी कुणाला ये म्हणतच नाही. मग वहिनींना ती 'उपाशीपोटी ये' कशी म्हणेल? आणि तिला खरंच गोळी बंद करवायची असती, तर ती म्हणाली असती, बंद करून या. 'करून ये' तिच्या तोंडून आलंच नसतं.

बरं, ती म्हणाली 'करू नये', आणि ऐकताना घोटाळा झाला, असंही धरून चाललो. पण ऐकणारी कोण? एकदा एसटीत एक कंडक्टर वहिनींना म्हणाला होता, "ए म्हातारे, मागं सर." वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "आधी अहो म्हणा, मग सरते," म्हणाल्या. गाडी चौकात उभी, मागं भोंगे, आणि शेवटी तो बिचारा म्हणाला, "अहो आजी, सरा." अशा बाईला एक कालची पोर 'ये' म्हणते, आणि ही मुकाट्यानं घरी येऊन दीडदोन महिने गोळी बंद ठेवते?

मी पेन्सिल खाली ठेवली. वहिनींनी नीट ऐकलं होतं. आपण दवाखान्यात जे सगळं हुशारीनं सांगितलं ते चूक होतं, आणि माझ्या त्या हुशारीनं त्यांना निसटायला वाट करून दिली होती.

त्यानंतर मला बसवेना. पाणी प्यायलो. पुस्तकांच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, उलटं लावलं. चौकापर्यंत गेलो, कशासाठी आलो ते आठवेना म्हणून परत आलो. वहिनी माजघरात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या मागून दोनदा गेलो. विचारावं तर काय म्हणून? या घरात मी आश्रित म्हणून आलो नव्हतो, पण वहिनींनी मला कधी प्रश्न विचारायची वेळ आणली नव्हती आणि मीही विचारला नव्हता. आणि माझं चुकत असेल तर? एका 'ये'वरून सत्तरीच्या बाईला खोटं पाडायचं? व्याकरणानं माणसं कळतात असं मला अजूनही वाटत नाही.

पण त्या खणातलं पाकीट डोळ्यांपुढून जाईना. नाना असेच गेले होते. नानांची साखर तर इतकी आटोक्यात, की तेव्हाचे डॉक्टर इतर पेशंटांना नानांचं उदाहरण देत. वहिनींनी त्यांच्या ताटात साखरेचा कण येऊ दिला नव्हता. आणि एका सकाळी दुकानात सदऱ्याला काज करता करता "पाठीत भरून आलंय जरा" म्हणाले आणि मशीनवर डोकं टेकलं. उचललं ते आम्हीच.

दिवेलागणीला वहिनींनी देवापाशी निरांजन लावलं. त्या माजघरात पाटावर बसल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"काय भाऊजी? दुपारपासनं मांजरासारखे घिरट्या घालताय. भूक लागली?"

"नाही."

"मग?"

"वहिनी, ती मुलगी ये म्हणत नाही."

"कोण मुलगी?"

"शबाना. ती कुणालाच ये म्हणत नाही. सगळ्यांना या म्हणते. तुम्हाला तर म्हणतेच."

त्यांनी वातीची काजळी झटकली. "बरं मग?"

"मग बंद करून ये, असं तुम्ही ऐकलं नसणार. तुम्हाला ती एकदा जरी ये म्हणाली असती, तर तिथल्या तिथं तुम्ही तिला..." मला पुढं बोलवेना. "मी चुकत असेन."

"चुकत नाही," वहिनी म्हणाल्या. "बसा. असं खांबाला बांधल्यासारखं उभं राहू नका."

मी बसलो.

"मला नीट ऐकू आलं होतं. बंद करू नये, अगदी सुटं सुटं म्हणाली होती ती पोर. सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तोंडाला आलं ते बोलून गेले. मग तुम्ही तुमचं ते छापखान्याचं पुराण लावलंत. मी म्हटलं, चला, भाऊजींचा आजचा दिवस चांगला गेला."

"वहिनी, तिला बोलणी बसली."

"ठाऊक आहे मला. उद्या जाऊन मी दोघींच्याही तोंडावर सांगून येणार आहे. ते माझं मी बघीन."

"पण गोळी का बंद केली? काही त्रास होत होता? पाय दुखत होते?"

"काही त्रास नव्हता."

"मग आकडा एवढा चांगला उतरला असताना..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "उतरला म्हणूनच बंद केली."

मला समजलं नाही. मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या की समजत नाहीत, छापून आल्या की समजतात. वहिनींनी पाटावरून सरकून भिंतीला पाठ टेकली. त्या कधी पाठ टेकत नसत.

"शेजारी बेलवलकरांच्या नातवाचं बारसं होतं, आठवतंय? हे गेले त्याच्या आदल्या दिवशी."

"नाही आठवत."

"तुम्ही कुठल्या तरी पुस्तकात असाल. त्यांच्याकडून ताट आलं होतं. बेसनाचे लाडू, चांगले तुपात भाजलेले. मी ताट झाकून ठेवलं. हे दुकानातनं आले, हातपाय धुतले, आणि वासानं बरोबर तिथं गेले. झाकण उचललं नाही. नुसते बघत उभे राहिले झाकणाकडं. इतकी वर्षं मी त्यांना गोड दिलं नव्हतं, आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशीही मागितलं नाही. मलाच राहवलं नाही. म्हटलं, घ्या एक. आणि दिला."

निरांजन तडतडलं. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आता तुम्ही सांगा, मी काय समजायचं?"

"वहिनी..."

"मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला नाही, माझ्या आईला नाही. माझ्या हातानं गेले असं समजून दिवस काढले. मग मलाच हा रोग झाला. मला म्हणाल तर बरं वाटलं. साखर सोडायला सांगितली, मी साखरेचं नावही सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणते, तुमच्यासारखा पेशंट नाही. तिला काय ठाऊक कशानं."

त्या बोलत होत्या सरळ, भाजीचा भाव सांगावा तशा.

"आणि मग ही डॉक्टरीणबाई एके दिवशी म्हणते, साखर चांगली असली तरी माणूस हृदयानं जातो. नळ्यांत साचत जातं, वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही. मी तिथं खुर्चीत बसलेली. म्हटलं, ही कुणाबद्दल बोलतेय? माझ्याबद्दल की ह्यांच्याबद्दल? मनात आलं, दवाखान्यातलं बोलणं आहे, खरं असेल नसेल. घेऊन तर बघू गोळी. घेतली. आणि आकडा उतरला. म्हणजे खरं होतं हो ते. म्हणजे ह्यांचं जे झालं ते आधीच कधीचं होत होतं आणि तो लाडू मधे नुसता आला."

"मग हे चांगलंच ना, वहिनी?"

"चांगलं?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर गेला. "मी एवढी वर्षं ज्याच्याखाली वाकून चालले, ते ओझं माझं नव्हतंच म्हणे. मग त्या वर्षांचं मी काय करू? आणि ते राहू दे. गोळीनं माझा उतरला, तर ह्यांचा उतरला नसता? मी ह्यांच्या ताटातला गूळ बघत बसले, आणि ते भलतीकडूनच आत येत होतं. माझ्या हातानं गेले ते बरं होतं भाऊजी. त्याला मी एकटी पुरत होते. वाचले असते आणि वाचवले नाहीत, हे मला पेलत नाही. म्हणून बंद केली. उतरायलाच नको तो आकडा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ही गोळी ह्यांच्या वेळी होती का?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही वाचता. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

नव्हती, असं म्हणून टाकावं. एक शब्द. त्यांनी तो मानला असता. तो शब्द जिभेवर आलासुद्धा.

"मला नक्की ठाऊक नाही," मी म्हणालो. "निघाली असेल नुकतीच. निघाली असली तरी आपल्याकडं कुणी देत नव्हतं. साखर बघायचे आणि सोडून द्यायचे. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनाही तेव्हा एवढं ठाऊक नव्हतं. मग तुम्हाला कुठून असणार?"

"आणि असती तर? वाचले असते?"

"तेही सांगता येत नाही. पुष्कळ जणांनी घेतली तर त्यातले काही वाचतात, एवढंच मी वाचलंय. ते काही म्हणजे कोण, हे कुणालाच कळत नाही. घेणाऱ्यालाही नाही, देणाऱ्यालाही नाही. नाना त्यात असते की नसते, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, वहिनी. मलाही नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. असली अर्धवट उत्तरं द्यायची माझी जुनी खोड, नाना चिडत त्यावर. म्हणत, तुला वाट विचारली तर माणूस आहे तिथंच राहायचा.

"पण लाडवानं गेले नाहीत," मी म्हणालो. "हे नक्की."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. नाना गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्याला चहा करत राहिल्या होत्या, आणि बायका त्यावरून नंतर पुष्कळ बोलल्या होत्या. आता त्यांचे खांदे हलत होते आणि आवाज मुळीच नव्हता. मी जागचा उठलो नाही. धीर द्यायला काय करतात ते मला कधी आलं नाही. नुसता बसून राहिलो.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्या मशीनच्या खणात पाकीट आहे. आणा."

मी आणलं. हातांना खडूची भुकटी लागली. त्यांनी गोळी काढली, तळहातावर घेतली, दिव्याकडे धरून बघितली.

"एवढीशी तर आहे," म्हणाल्या.

मी तांब्या पुढं केला. त्यांनी गोळी टाकली, वर पाणी प्यायलं, आणि तांब्या खाली ठेवता ठेवता मधेच थांबल्या.

"कसे खाल्ले ठाऊक आहे त्यांनी?" आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं, जे मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा, त्या नव्या नवरी होत्या तेव्हा, कधीतरी बघितलं असेन. "डोळे मिटून. लहान पोरासारखे. एक संपवला आणि दुसऱ्याला स्वतःच हात घातला. म्हटलं, अहो! तर तोंड भरलेलं, बोलता येईना, नुसती मान हलवतात. मग तिसऱ्याकडं बघायला लागले. मी ताटावर झाकण घातलं. म्हटलं, पुरे आता, उद्या बघू."

त्यांनी तांब्या जमिनीवर टेकवला.

"द्यायला पाहिजे होता हो, भाऊजी. तिसराही द्यायला पाहिजे होता."